‘काही शिल्लक नाही’ या दाखल्याची गोष्ट

(डिसेंबर 2013 मध्ये संघटनेच्या कार्यकर्ता शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर. टेपवरून उतरवला आहे. ज्या पाड्यांवरचे लोक शिबिराला येऊ शकले नाहीत त्यांनी बैठकीत मोठ्याने वाचून घ्यावा.)



कालपासून आपण वनहक्काच्या दाव्यांवर बोलतोय. कोणाचा दावा नामंजूर झाला, कोणाच्या चार एकराचे चार गुंठे झाले, उपविभागीय समितीने काय शेरा मारला. आज सकाळचा हा तास आम्ही दुसऱ्या गोष्टीसाठी मागून घेतला आहे. ही गोष्ट अमेरिकेतली आहे, वॉशिंग्टन शहरातली, म्हणजे त्यांच्या दिल्लीतली. आम्ही काही तिकडे जाऊन आलेलो नाही. शहरातल्या साथींनी इंग्रजी कागद वाचून समजावून सांगितले आणि आम्ही दोन रात्री बसून ते लिहून घेतले. जेवढं पक्कं वाटलं तेवढंच सांगतोय.

कशाला सांगतोय? तर त्या लोकांच्या हातात सरकारने एक कागद दिला होता. इथं धोका नाही, आता आणखी काही करायची गरज नाही, असा. तो कागद पुढे रद्दी ठरला. तो कोणी आणि कशाच्या जोरावर रद्दी ठरवला, ते नीट ऐका. 26 जानेवारीच्या ग्रामसभेत आपल्यातल्या तीन पाड्यांपुढे तसाच कागद येणार आहे. त्याच्याकडे नंतर वळू.

वॉशिंग्टनच्या वायव्येला एक विद्यापीठ आहे, अमेरिकन युनिव्हर्सिटी नावाचं. 1917 साली ते नुसतं नावाला होतं. इमारती मोजक्या आणि सभोवती शेतं, माळ, ओढे. तेव्हा पहिलं महायुद्ध चालू होतं. जर्मनीने 1915 मध्ये बेल्जियमच्या इप्र गावाजवळ क्लोरीन वायू सोडला होता आणि तेव्हापासून दोन्ही बाजू एकमेकांवर विषारी वायू सोडत होत्या. 1917 च्या एप्रिलमध्ये अमेरिका युद्धात उतरली. विद्यापीठाने आपली जागा सरकारला देऊ केली. सरकारने तिथं विषारी वायूंवर संशोधन करायचं केंद्र उघडलं. सुरुवातीला हे केंद्र चालवलं कोणी? त्यांच्या खाण खात्याने. खाणीत वायू कोंडून मजूर मरतात, म्हणून वायूची माहिती त्या खात्याला होती. मजूर वाचवायला मिळवलेली ही माहिती माणसं मारायच्या कामाला लावली. पुढे 1918 मध्ये केंद्र सैन्याकडे गेलं.

आजूबाजूची शेतंही भाड्याने घेतली. सगळी मिळून सुमारे 660 एकर जागा झाली. हजाराहून जास्त माणसं तिथं कामाला होती. माळावर खंदक खणायचे, त्यांत कुत्री, बकऱ्या बांधून ठेवायच्या आणि वायूचे गोळे फोडून कोणतं जनावर किती वेळात मरतं ते लिहून ठेवायचं. मस्टर्ड गॅस नावाचं एक विष होतं. आपल्या मोहरीशी त्याचा संबंध नाही, वासावरून नाव पडलंय. ते अंगाला लागलं तरी लगेच कळत नाही. काही तासांनी फोड येतात, डोळे जातात, फुफ्फुस आतून सोलून निघतं. दुसरं लेविसाइट. त्यात सोमल असतं. सोमल म्हणजे आर्सेनिक, जुन्या माणसांना माहीत आहे. 1918 च्या ऑगस्टमध्ये या विषाचा एक ढग कुंपणाबाहेर गेला आणि जवळ राहणारे एक माजी सिनेटर, नॅथन स्कॉट, त्यांच्या घरच्या माणसांना लागला. माजी सिनेटर म्हणजे त्यांचा माजी खासदार. म्हणून त्याची नोंद झाली. आसपासच्या शेतमजुरांपैकी कोणाला लागलं असेल तर ते आमच्यापुढच्या कागदांत नाही.

आपल्या देशातल्या माणसांवरही हा मस्टर्ड गॅस सोडून पाहिलेला आहे, हे इथंच सांगून टाकतो. 1930 च्या दशकात आणि पुढे दुसऱ्या महायुद्धात इंग्रजांनी रावळपिंडीला हिंदी शिपायांवर त्याच्या चाचण्या केल्या. ती गोष्ट 2007 मध्ये जुन्या कागदांतून उघड झाली. आणि इंग्रज गेले म्हणून हा प्रकार संपला असंही नाही. आपल्या सरकारकडेही मस्टर्ड गॅसचा साठा होता. तो 1997 मध्ये जाहीर केला आणि 2009 पर्यंत नष्ट केला.

तर 1918 च्या नोव्हेंबरमध्ये युद्ध संपलं. केंद्र बंद करायचं ठरलं. उरलेले गोळे, बरण्या, पिंपं, काचसामान यांचं काय करायचं? काही दुसरीकडे हलवलं. बाकीचं तिथंच खड्डे खणून पुरलं. त्या काळी हीच रीत होती, त्यांच्याकडे काय आणि आपल्याकडे काय. खड्डा, वर माती, आणि फाईल बंद.

शेतं मालकांना परत गेली. काही वर्षांनी बिल्डर आले. स्प्रिंग व्हॅली नावाची वस्ती उभी राहिली. साधी वस्ती नव्हे. लिंडन जॉन्सन आणि रिचर्ड निक्सन, दोघेही पुढे राष्ट्राध्यक्ष झाले, ते त्याआधी या वस्तीत राहिले. परदेशांचे राजदूत राहायचे. सुमारे 1,600 मिळकती. बागा, हिरवळ, मुलांचे झोपाळे. खाली काय आहे हे घर घेताना कोणाला सांगितलं नव्हतं.

आता पुढचा भाग लक्ष देऊन ऐका.

1986 मध्ये विद्यापीठाला नवीन बांधकाम करायचं होतं. कोणाला तरी जुना इतिहास आठवला. विद्यापीठाने सैन्याला आणि पर्यावरण खात्याला विचारलं. विमानातून काढलेले 1918 च्या काळातले फोटो होते. ते तपासले, आणि काही जागी खड्डे असावेत असं त्या फोटोंवरून दिसत होतं. सैन्याने आपले कागद चाळले आणि निष्कर्ष काढला की पुरल्याचा पक्का पुरावा नाही. विषय तिथेच मिटवला. आणि ज्यांच्या अंगणाखाली हे होतं त्या लोकांना कोणी कळवलं नाही. विद्यापीठाला ठाऊक, सैन्याला ठाऊक, पर्यावरण खात्याला ठाऊक. राहणाऱ्याला ठाऊक नाही.

सात वर्षांनी, 5 जानेवारी 1993 ला, एका नव्या घराजवळ चर खणणाऱ्या मजुरांच्या यंत्राला गोळे लागले. मग धावपळ. आसपासची घरं रिकामी केली, सैन्य आलं. त्या एका ठिकाणाहून 141 गोळे आणि तसल्या वस्तू निघाल्या. त्यातल्या काहींत रसायन असल्याचा संशय होता. दोन वर्षं सैन्याने वस्तीभर तपासणी केली, यंत्रं फिरवली. आणि 1995 मध्ये तो कागद दिला, ज्याबद्दल आम्ही सुरुवातीला बोललो. पुढे काही करायची गरज नाही. सही, शिक्का.

तुमच्यापैकी ज्यांच्या हातात ‘पुराव्याअभावी नामंजूर’ असा कागद आहे त्यांना या कागदाची चव लगेच कळेल. तुमचं खरं आहे की खोटं, ते असला कागद सांगत नाही. साहेबाने शोधायचं थांबवलं, एवढंच त्यातून कळतं.

तो कागद टिकला नाही. त्याला भोकं पाडणारे पुरावे कोणाकडे होते?

एक, 1921 सालचं विद्यापीठाचं छोटं वर्तमानपत्र. त्यात लिहिलं होतं की युद्धाचं उरलेलं सामान विद्यापीठाच्या जमिनीच्या मागच्या टोकाला नेऊन खोल खड्ड्यात पुरलं आणि त्याची किंमत त्या काळच्या हिशेबाने 8 लाख डॉलर होती. म्हणजे पुरल्याची गोष्ट छापून आलेली होती, सत्तर वर्षं कपाटात पडून होती.

दोन, एका सैनिकाचा 1918 चा फोटो. तोंडाला वायूचा मुखवटा लावून एक माणूस खड्ड्याशी उभा आहे, जवळ विषाच्या बरण्या आहेत. फोटोच्या मागे हाताने लिहिलेलं आहे. सैनिक त्या खड्ड्याला नरकाचं नाव घेऊन हाक मारायचे. मग लोक त्या फोटोतला उतार, मागची झाडं, जमिनीचा चढ बघून जागा शोधायला लागले. हे आपल्याला शिकवायला नको. जुनं आंब्याचं झाड कुठं होतं त्यावरून बांध कुठं होता हे सांगणारे म्हातारे आपल्या प्रत्येक पाड्यात बसलेत.

तीन, मजुरांची अंगं. विद्यापीठाला लागून ग्लेनब्रुक नावाचा रस्ता आहे. तिथं 1990 च्या दशकात एका घराचा पाया खणताना मजुरांच्या डोळ्यांची आणि चेहऱ्याची आग झाली. काही वर्षांनी त्याच रस्त्यावर विद्यापीठाच्या अध्यक्षांच्या बंगल्यात झाड लावायला खड्डा घेणाऱ्या माळीकाम करणाऱ्यांना तसाच त्रास झाला. जमिनीतून फुटक्या काचा निघाल्या. मजुरांचं दुखणं हीही साक्ष असते, लिहून ठेवली तर.

शहराच्या आरोग्य खात्याने सैन्याच्या तपासणीवर बोट ठेवलं. मग सैन्याने पुन्हा नकाशे काढले आणि मान्य केलं की एका संशयित खड्ड्याची जागा आपण नकाशावर चुकीची धरली होती. जीपीएसवाला चुकीच्या कोपऱ्यात उभा राहिला की आपलं शेत ओढ्यात जातं, तसंच. खरी जागा होती दक्षिण कोरियाच्या राजदूताच्या बंगल्याची बाग. 1998 नंतर तिथं खणलं तर मोठे खड्डे लागले, शेकडो गोळे निघाले. ‘काही करायची गरज नाही’ म्हटल्यानंतर तीन वर्षांनी.

2001 च्या सुरुवातीला विद्यापीठाच्या बालवाडीच्या अंगणातली माती तपासली. त्यात सोमल जास्त निघालं. मुलं दुसरीकडे हलवली. त्याच वर्षी जुलैमध्ये त्यांच्या संसदेच्या समितीपुढे सुनावणी झाली. कोणाला काय माहीत होतं आणि कधी, हे तिथं उघड विचारलं गेलं. मग घरोघरची माती तपासणं सुरू झालं.

इथं जरा थांबून समजून घेऊ की सोमल का राहतं. लेविसाइट पाण्याने, हवेने काही काळात मोडून जातं. वास जातो, फोड यायचे थांबतात. पण त्यातलं सोमल मोडत नाही. ते मुळातलं द्रव्य आहे, त्याचे आणखी तुकडे होत नाहीत. ते मातीला चिकटून बसतं, पाण्याबरोबर थोडं सरकतं. उलट मस्टर्ड गॅस गोळ्यात बंद असला, किंवा वरून कडक पापुद्रा धरला, की आत तसाच जिवंत राहतो. म्हणून ‘खूप वर्षं झाली, आता काय उरलंय’ हे म्हणणं मानायचं नाही. किती वर्षं झाली ते विचारू नका, कोणतं द्रव्य आहे ते विचारा.

तिथं असं ठरलं की मातीच्या दहा लाख भागांत सोमलाचे 20 भागांपेक्षा जास्त असतील तर ती माती काढायची. तांदळाच्या दहा लाख दाण्यांत वीस दाणे समजा. अंगणं उकरली, माती लांब नेली, दुसरी स्वच्छ माती आणून भरली. काही जागी 2004 पासून एक नेचा लावून पाहिला. नेचा आपल्याला माहीत आहे, ओढ्याकाठी, ओल्या दरडीवर येतो. त्यातली एक जात मुळांवाटे सोमल ओढून पानांत साठवते. पानं कापून विषारी कचरा म्हणून वेगळी न्यायची. हे ऐकून कोणी उद्या माळावर नेचा लावू नका आणि झालं स्वच्छ असं म्हणू नका. फार हळू चालतं ते, आणि ती पानं गुरांनी खाल्ली तर वेगळंच संकट.

आणि जिवंत गोळे? ते उघड्यावर फोडत नव्हते. पोलादाच्या बंद टाकीत गोळा ठेवायचा, आतल्या आत फोडायचा, वरून विष मारणारं द्रव्य सोडायचं, सगळं संपल्याची चाचणी झाल्यावरच टाकी उघडायची. ग्लेनब्रुक रस्त्यावरच्या ज्या घराचा पाया खणताना मजुरांना त्रास झाला, ते घर मागच्या वर्षी, 2012 च्या अखेरीला, पाडलं. पुढे त्या जागेवर तंबू उभारला. आतली हवा गाळूनच बाहेर सोडतात. शेजाऱ्यांना सांगून ठेवलंय की भोंगा वाजला तर दारं-खिडक्या लावून आत बसा. आपण इथं बोलतोय तेव्हा तिथं तंबूखाली खोदकाम चालू आहे. 1918 चा खड्डा, 2013 साल.

कोणी म्हणेल, हे श्रीमंतांचे लाड आहेत. खरंच आहेत. त्याच देशाच्या ताब्यात व्हिएकेस नावाचं छोटं बेट आहे, पोर्तो रिकोजवळ. मासेमारी करणारे गरीब लोक. त्यांची जमीन 1940 च्या दशकात आरमाराने घेतली आणि साठ वर्षं तिथं बॉम्ब टाकायचा सराव केला. 1999 मध्ये एका बॉम्बने तिथला एक पहारेकरी, डेव्हिड सानेस, मेला. मग लोक बंदी असलेल्या जागेत घुसून बसले, तुरुंगात गेले, आणि 1 मे 2003 ला आरमाराला बेट सोडावं लागलं. पण न फुटलेले बॉम्ब तिथं आरमाराने उघड्यावर फोडले. लोक म्हणत होते बंद टाकी आणा. सरकार तेच, विषय तोच, एकीकडे तंबू आणि एकीकडे धूर. आपल्याकडचं भोपाळ तुम्हाला माहीत आहे. 1984 ला माणसं मेली आणि कारखान्यातला विषारी कचरा अजून तिथंच आहे.

म्हणून स्प्रिंग व्हॅलीवाल्यांची श्रीमंती बाजूला ठेवू. त्यांनी जे मिळवलं त्यातलं आपल्याला काय मागता येईल ते बघू. 2001 मध्ये तिथं रहिवाशांचं एक मंडळ झालं. दर महिन्याला उघडी बैठक. सैन्याचे अधिकारी येऊन सांगणार कुठं खणलं, काय निघालं, पुढे कुठं खणणार. आणि आम्हाला सगळ्यात महत्त्वाची वाटली ती गोष्ट ही की मंडळाला स्वतःचा तज्ज्ञ मिळाला. पैसा सरकारचा, पण तज्ज्ञ लोकांचा. सैन्याचा अहवाल तो वाचणार आणि लोकांना समजेल अशा भाषेत सांगणार.

एक गोष्ट लपवायची नाही. 2007 मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाने तिथल्या आरोग्याचा अभ्यास केला. वस्तीचं एकंदर आरोग्य देशाच्या सरासरीपेक्षा चांगलं निघालं. काही आजारांवर लक्ष ठेवावं असंही म्हटलं. चांगलं खाणारे, वेळेवर डॉक्टरकडे जाणारे लोक ते, सरासरीत चांगलेच निघणार. पण आपण बोलताना ‘तिथं सगळे आजारी पडले’ असं बोलायचं नाही. आपण एक गोष्ट वाढवून सांगितली की समोरचा आपल्या दहा खऱ्या गोष्टी खोट्या ठरवतो. वनहक्काच्या दाव्यांत हे आपण भोगलंय.

आता आपल्या माळाचं. तीन पाड्यांच्या हद्दीत, वरच्या माळावर, एका कारखान्याच्या गाड्या रात्री यायच्या हे सगळ्यांना माहीत आहे. कारखान्याचं नाव आज इथं घेत नाही, अर्ज चालू आहे. पिंपं पुरली, वर माती लोटली, निलगिरी लावली. आता ग्रामसभेने ठराव द्यावा अशी मागणी आहे: ‘सदर जागेत कोणताही घातक पदार्थ शिल्लक नाही व ग्रामसभेची हरकत नाही.’ सोबत रस्ता आणि समाजमंदिर देऊ म्हणतात.

ग्रामसभेला काय अधिकार आहे? वनहक्क कायद्याचं कलम 5 काढून बघा. जंगल, पाण्याचे झरे, पाणलोट सांभाळायचा अधिकार ग्रामसभेला दिलेला आहे. याच वर्षी ओडिशात नियमगिरीला बारा ग्रामसभा झाल्या आणि बाराही गावं खाणीला नाही म्हणाली. सुप्रीम कोर्टानेच त्या ग्रामसभा घ्यायला सांगितलं होतं. तेव्हा ग्रामसभेची सही हलकी समजू नका. ती सही मागायला ते उगाच येत नाहीत.

आमचं म्हणणं असं आहे. 26 तारखेला तो ठराव मंजूर करायचा नाही, आणि नुसता नामंजूर करूनही गप्प बसायचं नाही. उलटा ठराव लिहायचा. जागा खणून दाखवा, आमच्यासमोर. माती आणि खालच्या दोन झऱ्यांचं पाणी तपासा. नमुना घेताना तीन बाटल्या भरा, एक तुमची, एक सरकारची, एक आमची, तिन्हींवर सील आणि सह्या. आमची बाटली आम्ही सांगू त्या प्रयोगशाळेत जाईल, खर्च ज्याने पुरलं त्याचा. तोपर्यंत निलगिरीच्या त्या पट्ट्यात गुरं सोडायची नाहीत आणि पिंपाचा पत्रा भंगारात विकायला कोणी खणायचं नाही. पोरांना हे आज रात्रीच सांगा. पत्र्याचे शंभर रुपये मिळतील म्हणून पोरं आधी जातात.

आणि साक्षी. वनहक्काच्या नियमांत म्हाताऱ्या माणसांचा लेखी जबाब पुरावा म्हणून धरतात, ते आपण केलंय. तसेच जबाब इथं घ्यायचे. रात्री गाड्या बघणारे गुराखी, ड्रायव्हरला चहा देणारी बाई, पिंपं उतरवायला रोजाने गेलेले चौघं. त्या चौघांना कोणी दोष द्यायचा नाही, त्यांची साक्ष सगळ्यांत मोठी आहे. कोणत्या साली, पाऊस होता की उन्हाळा, गाडी कोणत्या वाटेने आली, पिंपाचा रंग काय, अंगाला काय झालं. जेवढं आठवतं तेवढंच लिहायचं. आठवत नाही ते आठवत नाही असं लिहायचं. माळाचे जुने फोटो कोणाकडे असतील, लग्नातले का असेनात, मागे माळ दिसत असेल तर आणा. फॉरेस्टच्या दंडाच्या पावत्या आपण तीस-तीस वर्षं पत्र्याच्या डब्यात जपल्या म्हणून आज दावे उभे आहेत. हाही तसाच डबा करायचा.

येत्या मंगळवारी तिन्ही पाड्यांतून प्रत्येकी दोन माणसं, त्यात एक बाई, कार्यालयात या. जबाबाचा नमुना तयार आहे. झेरॉक्स इथं काढू आणि मूळ कागद त्याच दिवशी परत घेऊन जा. मूळ कागद तलाठ्याला, ग्रामसेवकाला किंवा आम्हालासुद्धा ठेवायला देऊ नका. जेवणानंतर दाव्यांच्या अपिलाचं सत्र आहे, ज्यांची मुदत संपत आलीय त्यांनी पुढे बसावं.